मी कापलेल्या चार ओळी

जगन,

तुझी शोकसभा वेळेवर सुरू झाली नाही, कारण प्रमुख वक्ते यायचे होते. ते आले तेव्हा त्यांना तुझं नाव ठाऊक नव्हतं. सोबतच्या माणसानं ते कानात सांगितलं, आणि मग त्यांनी तुझ्या निधनानं झालेल्या पोकळीबद्दल वीस मिनिटं भाषण केलं. दुसऱ्यानं तुला 'समीक्षामहर्षी' म्हटलं. व्यासपीठावर तुझा फोटो होता, खाकी गणवेशातला, छातीवर एसटीचा बिल्ला. हार इतका मोठा आणला होता की महर्षींची फक्त टोपी दिसत होती.

शेवटी संपादक म्हणून मला बोलायला लावलं. मी तुझी थट्टा करणारा, सभांची टर उडवणारा माणूस. पण माइक हातात आल्यावर माझाही आवाज त्याच पट्टीत गेला. मी म्हणालो, "चौदा वर्षं जगन्नाथ आमच्या साप्ताहिकात चित्रपटांवर लिहीत होता. या चौदा वर्षांत आमच्यात एकदाही वाकडा शब्द झाला नाही."

माना हलल्या. तिसऱ्या रांगेत माझी धाकटी बहीण सुमा बसली होती. तिची मान हलली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पुढचं वाक्य विसरलो.

म्हणून हे लिहितो आहे. सभेत जे बोललो ते दुरुस्त करायला. आपल्यात वाकडा शब्द झाला नाही, हे तसं खरंच आहे. तो झाला असता तर बरं झालं असतं.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला स्वच्छ आठवतो. साप्ताहिकाचं ऑफिस तेव्हा वसई रोडला एका शिंप्याच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. चित्रपटपरीक्षण मीच लिहायचो. गिरगावातून नवा फ्लॅट घेऊन इकडे आलेला, चार इंग्रजी पुस्तकं वाचलेला माणूस जसं लिहील तसं लिहायचो: फ्रान्समध्ये काय चाललं आहे, प्रकाशयोजना, अवकाश वगैरे. तू कंडक्टरची ड्यूटी संपवून तिकिटाच्या पेटीसकट जिना चढून वर आलास आणि अंक माझ्यापुढे टाकलास.

"काय ओ, हा सिनेमा तुम्ही बघितला का वाचला?"

मला राग आला, कारण मी तो अर्धा बघितला होता. मी म्हणालो, "तुम्हाला जमतं तर तुम्ही लिहा." संपादक ही गोष्ट दिवसातून दोनदा म्हणतात, आणि समोरचा निघून जातो. तू पुढच्या गुरुवारी लिहून घेऊन आलास. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, बॉलपेननं, एकही खाडाखोड नाही.

तो हुंड्यावरचा सिनेमा होता. तुझं परीक्षण दीड पानाचं होतं, आणि खाली एका बाईचे शब्द होते. नाव नाही, फक्त 'कामण, पापड लाटते'. ती म्हणाली होती, "सासू येवढी नटून झोपाळ्यावर बसली तं भाकऱ्या कोन करतो?" मी मोठ्यानं हसलो. मग मला जाणवलं की माझ्या सगळ्या प्रकाशयोजनेत झोपाळ्यावरच्या त्या सासूकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. हुंड्यावरचा सिनेमा होता आणि त्यात एकाही बाईचा हात ओला नव्हता.

तेव्हा मला तुझी पद्धत कळली. सिनेमा बघून झाला की तू लिहायला बसायचा नाहीस. ज्याच्या दुखण्यावर सिनेमा काढलाय असा एखादा माणूस तू तुझ्या गाडीत शोधायचास. वसई ते कामण, कामण ते भिवंडी, तुझ्या बसमध्ये जगातलं प्रत्येक दुखणं रोज चढत-उतरत होतं. दारूवरचा सिनेमा असला की दारुड्याची बायको, जमिनीवरचा असला की जमीन गेलेला. तू त्याला सिनेमा बघायला लावायचास, कधी स्वतःच थेटरात घेऊन जायचास, आणि नंतर एकच प्रश्न विचारायचास: "खोटं कुठं वाटलं?" तेच तुझ्या सदराचं नाव झालं. खालच्या चार ओळी त्या माणसाच्या. तुझा नियम होता, त्यातलं एक अक्षरही इकडचं तिकडे करायचं नाही.

यावरून मी तुझा किती छळ केला! तुझ्या जूचंद्रच्या म्हातारीचं 'पानी' मी एकदा 'पाणी' केलं, तर तू दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी येऊन उभा. "संपादक, त्या म्हातारीनं मला पानी सांगितलं, तुम्ही तिला दुसरंच पाजलं." वटारचे बस्त्यावकाका, त्यांच्या वाडीवर बिल्डरची नजर होती, त्यांचं बोलणं तू त्यांच्या बोलीत जसंच्या तसं लिहून आणलंस. मला काही कळेना, म्हणून मी खाली अर्थ छापला. नायक एकटा पन्नास गुंडांना लोळवून जमीन सोडवतो असा तो सिनेमा. काका म्हणाले होते, "हा पोरगा सगळ्यांना मारतो, पण सातबारा एकदाही बघत नाही. आमचं सगळं भांडण तर तलाठ्याच्या कपाटात आहे." तो अंक संपला. पुन्हा छापावा लागला. आमच्या साप्ताहिकाच्या बाबतीत असं त्याआधी फक्त दहावीच्या निकालाला झालं होतं.

आणि आपलं ते न संपलेलं भांडण. मी म्हणायचो, सिनेमा म्हणजे पंचनामा नव्हे. कलेला थोडं खोटं बोलायची मुभा असते. तू म्हणायचास, "मंग पोस्टरवर समाजाचा आरसा कशाला लिवतात? आरसा हाय तं मानूस तोंड बघनारच." मी म्हणायचो, लोक थेटरात रडतात, म्हणजे आत काहीतरी हलतं ना? त्यावर तू जे बोललास ते मी तेव्हा गावठी तर्क म्हणून सोडून दिलं आणि नंतर दोन व्याख्यानांत स्वतःचं म्हणून वापरलं.

"रडून मोकला होतो मानूस, संपादक. आनि मोकला झालेला मानूस काय करत नाय."

आता त्या सिनेमाकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा सिनेमा होता. पुरस्कारबिरस्कार मिळालेला. ती पिशवी घेऊन माहेरी येते. दार उघडल्यावर भाऊ एक शब्द न बोलता तिच्या डोक्यावर हात ठेवतो. पुढे सगळा छळ वहिनी करते, भाऊ बिचारा खिडकीशी उभा राहून डोळे पुसतो. वसईतल्या महिला मंडळानं अख्खा खेळ आरक्षित केला होता. बायका रडत बाहेर पडल्या. मी पहिल्या पानावर चौकट लिहिली. 'प्रत्येक भावाने पाहावा असा चित्रपट.' ते वाक्य माझं आहे. पुढे ते पोस्टरवरही आलं, आणि मी ते पोस्टर दोनदा जाऊन बघून आलो.

त्या गुरुवारी तू तुझं परीक्षण आणलंस. नेहमी तू कॅलेंडरचं पान टेबलावर ठेवून खाली शिंप्याकडे गप्पा मारायला जायचास. त्या दिवशी गेला नाहीस. मी वाचत होतो, तू उभा होतास. खालच्या चार ओळी अशा होत्या. ते पान मी फाडलं, पण ओळी पाठ आहेत:

'सिनेमात वहिनी वाईट आहे. माझी वहिनी चांगली आहे, तिनं मला पाणी दिलं. दार भावानं उघडलं आणि विचारलं, किती दिवसांसाठी आलीस? सिनेमातला भाऊ काहीच विचारत नाही, तेवढं खोटं वाटलं.' – जूचंद्र, बालवाडीत शिकवते.

जूचंद्रच्या बालवाडीत शिकवणारी, नवऱ्याचं घर सोडून आलेली आणि भावाकडे राहणारी बाई वसईत एकच होती. ती रोज सकाळी माझ्या घरातून डबा घेऊन निघायची आणि तुझ्या गाडीत बसायची.

मी वर बघितलं. तू माझ्याकडे बघत नव्हतास, खिडकीबाहेर बघत होतास. मी म्हणालो, "बघतो जागा आहे का."

तू म्हणालास, "बघा."

एवढंच. वाकडा शब्द नाही.

जागा होती. मी त्या चार ओळी कापल्या आणि त्या ठिकाणी खोकल्यावरचा घरगुती उपाय छापला: आल्याचा रस आणि मध, दिवसातून तीन वेळा. अंक निघाला त्या संध्याकाळी तू वर आलास, उभ्या-उभ्या ते पान वाचलंस, घडी घातलीस. म्हणालास, "माझ्या म्हातारीला खोकला हाय. करून बघतो." आणि जिना उतरून गेलास. तू त्या वेळी शिवी दिली असतीस, तर मी तुला तत्त्वं ऐकवायला तयार होतो: व्यक्तिगत उल्लेख टाळावेत, साप्ताहिकाची मर्यादा, सूत्रांची गुप्तता. सगळं पाठ करून ठेवलं होतं. तू काहीच विचारलं नाहीस.

त्यानंतर तू नऊ वर्षं लिहिलंस. एकही गुरुवार चुकला नाही. पण खालच्या ओळी पुन्हा कधी आल्या नाहीत. सदराचं नाव तेच राहिलं, प्रश्न तोच राहिला, उत्तर देणारं माणूस गेलं. वाचकांची पत्रं आली. बस्त्यावकाका ऑफिसात येऊन विचारून गेले, "जगनला आता गाडीत माणसं मिळत नाहीत का?" मी त्यांना सांगितलं, जागेची अडचण आहे. तुझं लिखाण नंतरही चांगलंच होतं. सफाईदार झालं होतं. थोडं माझ्यासारखं झालं होतं.

मी तुला कधी विचारलं नाही की त्या ओळी का थांबवल्यास. कारण मग तू मला काहीतरी विचारलं असतंस.

गेल्या महिन्यात तू दवाखान्यात होतास तेव्हा मी तीनदा आलो. ठरवून आलो होतो. पहिल्यांदा तुझे भाऊबंद बसले होते. दुसऱ्यांदा तू झोपला होतास आणि मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो. तिसऱ्यांदा तू जागा होतास, आपण दोघेच होतो, आणि पाऊण तास आपण नव्या मल्टिप्लेक्सवर बोललो. तू म्हणालास, "आता गरिबीवरचा सिनेमा बघायला गरिबाला आत घेत नाय. बरं झालं. खोटं कुठं वाटलं ते सांगनारा बाहेरच राहिला." मी हसलो. तू दमला होतास. निघताना मी तुझ्या पायावरची चादर सारखी केली, तशी काही गरज नव्हती तरी. तू म्हणालास, "संपादक, काय बोलायचं होतं का?"

मी म्हणालो, "नाही रे. बरा हो, मग बोलू."

काल सभा संपल्यावर मी घरी न जाता जूचंद्रला गेलो. सुमा आता तिथेच खोली घेऊन राहते. त्या सिनेमाच्या पुढच्याच वर्षी ती आमच्याकडून गेली. 'बालवाडी जवळ पडते' असं तिनं कारण सांगितलं, आणि मी ते जागेच्या अडचणीइतक्याच सहजतेनं मान्य केलं. मी आतापर्यंत तिच्या खोलीवर राखीला तेवढा जायचो. तिनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "दादा, चहा करते. सभेतला फार पांचट होता."

ती ओट्याशी उभी असताना मी तिच्या पाठीशीच बोललो. तोंडासमोर जमलं नसतं. म्हणालो, "जगनवर लिहायचंय. त्याच्या त्या चार ओळी छापायच्यात. मी कापलेल्या. तुझ्या."

"कुठल्या?"

मी म्हणून दाखवल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'तेवढं खोटं वाटलं' इथपर्यंत. तिनं गॅस बारीक केला.

"पाठ आहेत होय तुझ्या?"

"हो."

"पण दादा, तू तसं म्हणालाच नव्हतास."

"कसं?"

"किती दिवसांसाठी आलीस, असं. ते जगूदादांनी लिहिलं. मी वेगळं सांगितलं होतं."

मला वाटलं ती मला सोडवते आहे. म्हटलं, "मग मी काय म्हणालो होतो?"

तिनं चहा गाळला, दोन्ही कप खाली ठेवले, समोर बसली. आवाज अगदी बालवाडीतल्यासारखा, एकेक शब्द सुटा. "तू दार अर्धं उघडलंस. म्हणालास, 'आज नको. आज घरी पाहुणे आहेत. मावशीकडे जा, उद्या बघू.' आणि दार लावलंस. वहिनी मागनं जिन्यात आली, तिथं तिनं मला पाणी दिलं. मी पायरीवर बसून प्यायले आणि मावशीकडे गेले. चौथ्या दिवशी तू न्यायला आलास."

जगन, मला पाहुणे आठवले. पाहुणे कोण ते तुला माहीत होतं का? त्या दिवशी आमच्या साप्ताहिकाचा परिसंवाद होता, 'विवाहसंस्थेपुढील आव्हाने'. मुंबईहून दोन वक्त्या आल्या होत्या. त्या आमच्या हॉलमध्ये पोहे खात होत्या. त्यांतली एक म्हणाली होती, "कोण होतं हो?" आणि मी म्हणालो होतो, "पत्ता चुकला होता."

इतकी वर्षं मी 'किती दिवसांसाठी आलीस' हाच माझा गुन्हा समजत होतो. त्याबद्दल मनातल्या मनात झुरत होतो. झुरायला तो सोयीचाही होता. असं तर कुठलाही भाऊ गोंधळून विचारून जातो. खरं वाक्य मी कुठल्या कुठे ठेवून दिलं होतं.

मी विचारलं, "मग त्यानं तसं का लिहिलं? तो तर काना-मात्रासुद्धा..."

"तुला द्यायच्या आधी त्यांनी मला वाचून दाखवलं, तेव्हा मी भांडले त्यांच्याशी. बसमध्येच. म्हटलं, तुम्ही माझे शब्द बदलले. तर म्हणाले, 'ताई, सगलं छापलं तं तो मानूस आरशात बघनार नाय. थोरं कमी केलंय. येवढं त्याला सोसंल. येवढं तो छापंल.'"

आणि मी तेवढंही छापलं नाही.

बस्त्यावकाकांसाठी, पापड लाटणाऱ्या बाईसाठी, 'पानी' म्हणणाऱ्या म्हातारीसाठी तू माझ्याशी अक्षराअक्षरावरून भांडलास. आयुष्यात एकदाच कुणाच्या तरी तोंडचे शब्द बदललेस, तेही मला झेपावेत म्हणून. त्यानंतर तुला कुणाच्या तोंडचं काही आणावंसं वाटलं नाही. मी समजत होतो की तू माझ्यावर रागावून त्या ओळी थांबवल्यास. आता वाटतं, तू स्वतःवरच रागावला होतास. आपला नियम एकदा मोडला आणि तोही फुकट गेला. कुठलं खरं, हे आता सांगायला तू नाहीस. माझ्यासारख्या माणसाला याहून योग्य शिक्षा कुणी शोधली नसती.

तर मजकूर असा दुरुस्त करून वाचावा: सुमा दारात आली, तेव्हा मी दार लावलं.

चहा निवला होता. मी सुमाला विचारलं, एवढं सगळं असून तू दर भाऊबीजेला का यायचीस? ओवाळायचीस कशी?

ती कप विसळायला उठली होती. म्हणाली, "येताना जगूदादांचीच गाडी असायची. तिकीट फाडताना दरवेळी विचारायचे, 'इचारलं का त्यानं, त्या दिवसाचं?' मी म्हणायचे, नाही. मग म्हणायचे, 'इचारील. लय वाचलेला मानूस हाय तो. त्याला टाइम लागतो.'"

लागला, जगन. तुझ्याजवळ होता त्याहून जास्त लागला.